वादळातली नौका आणि गळकी होडी

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यात नौका आली की तिच्यामागोमाग वादळ येतेच. धर्मग्रामाच्या शताब्दीची स्मरणिका उघडावी, सणानिमित्त निघालेला विशेषांक चाळावा, नवदीक्षित धर्मगुरूच्या सत्कारात वाचलेली कविता ऐकावी. ख्रिस्तसभा ही नौका, जग हा सागर, काळ बिकट, लाटा उंच, प्रभू निद्रिस्त आणि शेवटच्या कडव्यात त्याने हात उंचावताच सर्वत्र शांतता, हा क्रम सहसा चुकत नाही. लाटांची नावे तेवढी पिढीगणिक बदलतात. एके काळी ती चित्रपटगृहाची होती, मग दूरदर्शनची झाली, नंतर घरोघर फिरणाऱ्या पंथीयांची, आणि आता मुलांच्या हातातल्या मोबाइलची आहेत. नौका मात्र प्रत्येक कवितेत नवी कोरी असते. तिच्या तळाला कधी पाणी साचलेले नसते. तिच्यात बसलेल्यांपैकी कोणाच्या हातून कधी काही सैल झालेले नसते.

या कवितांच्या भक्तिभावाविषयी आमच्या मनात शंका नाही. आमची तक्रार साहित्यविषयक आहे; पण ती तिथेच थांबत नाही. प्रतिमा ही नुसती सजावट नसते. जी प्रतिमा आपण वर्षानुवर्षे वापरतो ती हळूहळू आपल्याला काय पाहावे आणि काय पाहू नये हे शिकवू लागते. वादळाची प्रतिमा आपल्याला बाहेर पाहायला शिकवते. ज्यांनी होडीत बसून मासे धरले आहेत त्यांना विचारले तर ते सांगतील की वादळाचे दिवस मोजके असतात. गळती मात्र दररोज असते, शांत पाण्यातही असते, आणि तिच्याविषयी कोणी कविता करत नाही.

ही प्रतिमा आपल्याकडे आली कोठून? मूळ अर्थातच शुभवर्तमानात आहे. संत मार्कने चौथ्या अध्यायाच्या अखेरीस सांगितलेला प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो पुन्हा सावकाश वाचला तर दोन तपशील नजरेत भरतात. पहिला असा की मार्क लाटांच्या उंचीचे वर्णन करत बसत नाही. होडीत पाणी भरू लागले होते, हे तो सांगतो. त्याची नजर तळाकडे आहे. दुसरा तपशील असा की त्या रात्री सरोवरावर आणखीही होड्या होत्या. मार्क त्यांचा उल्लेख करतो आणि नंतर त्यांचे काय झाले हे सांगत नाही. आमच्या वाचनातल्या एकाही नौका-कवितेत त्या इतर होड्यांना जागा मिळालेली नाही. आपली नौका तेवढी वाचली की कवीचे काम संपते.

या प्रसंगाला ख्रिस्तसभेचे रूपक म्हणून घट्ट बांधले ते तर्तुलियनने. बाप्तिस्म्यावरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात, इ. स. २००च्या सुमारास, त्याने ती होडी म्हणजे ख्रिस्तसभेचे चिन्ह असे म्हटले आणि त्याचबरोबर समीकरणही मांडून दिले: समुद्र म्हणजे जग, लाटा म्हणजे छळ व मोह. ज्या काळात ख्रिस्ती माणसाला खरोखरच अधिकाऱ्यांपुढे उभे राहून प्राणाला मुकावे लागत होते त्या काळात हे समीकरण केवळ अलंकार नव्हते, तो अनुभव होता. तथापि पाहण्यासारखी गोष्ट अशी की धोक्याच्या खात्यात तर्तुलियनने जे मांडले ते सारे होडीच्या बाहेरचे आहे. (पुढे हाच तर्तुलियन कडक शिस्तीच्या माँटॅनसपंथीयांकडे वळला. लाटांनी त्याला हलवले नाही. सोबतच्या प्रवाशांचा मात्र त्याला वीट आला.) आमच्या गुरुविद्यालयीन पिढीला ज्यांचे लेखन अभ्यासावे लागले त्या जर्मन पंडित ग्युंटर बोर्नकाम यांनी १९४८ साली दाखवून दिले की संत मत्तयने मार्कचाच प्रसंग घेऊन त्याला शिष्यत्वाचा व मंडळीचा अर्थ दिला. म्हणजे वादळाचे रूपक शुभवर्तमानकारांपासूनच घडत आलेले आहे. ते खोटे नाही. ते अपुरे आहे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

हे अपुरेपण आम्हांस स्पष्ट दिसले ते एका अगदी वेगळ्या प्रकारच्या लेखनामुळे. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर व नद्यांवर मासे धरण्यासाठी धातूच्या लहान होड्या सर्रास वापरल्या जातात. आपल्याकडची कुटुंबे कॅनडात व अमेरिकेत स्थिरावली आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या अंगणात अशी होडी उलटी पडलेली असते. या होड्यांची गळती कशी शोधावी व कशी बुजवावी याविषयी इंग्रजीत विपुल मार्गदर्शनपर लेखन आहे. ते कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. आम्ही ते वाचले, आणि आपल्या नौका-कवितांशेजारी ठेवून वाचले. त्या तुलनेत आपल्या कविता फिक्या पडतात असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

प्रथम ती होडी काय असते हे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यापासून विमाने बनविण्याचे तंत्र फार पुढे गेले. युद्ध संपत आले तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज येथील ग्रमन या विमानांच्या कारखान्याने तेच तंत्र होड्यांकडे वळविले. तेथल्या विल्यम हॉफमन नावाच्या अधिकाऱ्याला १९४४ साली डोंगराळ मुलखात लाकूड व कॅनव्हासची जड होडी खांद्यावरून वाहून न्यावी लागली, आणि हीच होडी विमानाच्या पत्र्याची का नसावी, असा प्रश्न त्याला पडला. १९४५ पासून ग्रमनच्या ॲल्युमिनियमच्या होड्या बाजारात आल्या. मग इतरांनीही त्या केल्या. पत्र्याचे तुकडे एकमेकांवर ठेवून रिव्हेटांनी जोडायचे, आतून आडव्या बरगड्या बसवायच्या, तळाशी मधोमध कणा. हलकी, स्वस्त, दोन माणसांनी उचलून गाडीच्या टपावर ठेवता येईल अशी.

अशी होडी गळते ती बहुधा रिव्हेटांपाशी. वादळात सापडल्यामुळे नव्हे. मागच्या बाजूला लावलेल्या इंजिनाची थरथर, लहान लाटांवर वारंवार आपटणे, काठावरच्या दगडगोट्यांवरून ओढत नेणे, थंडीत बरगड्यांखाली साचलेल्या पाण्याचा बर्फ होऊन फुगणे, एवढ्या साध्या कारणांनी रिव्हेट हळूहळू सैल होते. ते जागेवरून निघत नाही. वरून पाहिले तर धडधाकट दिसते. फक्त त्याच्या भोवती केसाएवढी फट पडते, आणि तासाभराने मासेमाराच्या बुटांना तळाचे पाणी लागते.

आता दुरुस्ती सांगणारे हे लेखन कसे चालते ते पाहावे. त्याची पहिली आज्ञाच आपल्याला थांबवणारी आहे: जिथे पाणी दिसते तिथे गळती आहे असे समजू नका. आत शिरलेले पाणी कण्याच्या कडेने, बरगडीच्या आडोशाने वाहत जाऊन होडीच्या सर्वांत सखल भागी साचते. तिथे लांबी थापून काही उपयोग नाही. फट कदाचित चार हात पुढे असेल. म्हणून होडी पाण्याबाहेर काढायची, भक्कम टेकूंवर ठेवायची, आणि जे पाणी आपण बाहेर ठेवण्यासाठी धडपडतो तेच आपल्या हाताने आत ओतायचे. फार नाही, काही इंच. कारण एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो होते, आणि होडी बाहेरून पाण्याच्या दाबाला तोंड देण्यासाठी बनलेली असते, आतून भरलेले पाणी अधांतरी पेलण्यासाठी नव्हे. मग माणसाने खाली वाकून, प्रसंगी पाठीवर पडून, बाहेरच्या अंगाला कोठे थेंब धरतो आहे ते पाहायचे आणि त्या प्रत्येक ठिकाणी खडूने खूण करायची. कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या होडीतून एकेक थेंब गळताना पाहणे आणि घाई न करता खुणा करत जाणे, एवढेच पहिल्या दिवसाचे काम.

आम्हांस यात जी गोष्ट साहित्याच्या दृष्टीने मोलाची वाटते ती अशी. या गद्यात कोणाविषयीही राग नाही. होडीच्या मालकाला दोष दिलेला नाही, तळ्याला नाही, थंडीला नाही. स्वतःविषयीचा कळवळाही नाही. प्रत्येक वाक्य एका ठिकाणावर बोट ठेवते आणि त्या ठिकाणी काय करावे ते सांगते. आपल्या कवितांत ‘संकटांच्या लाटा’ असतात. या गद्यात तिसऱ्या बरगडीखालचे डावीकडून चौथे रिव्हेट असते. अमूर्त संकटापुढे माणूस हात जोडून बसतो. चौथ्या रिव्हेटापुढे त्याला हातोडी घ्यावी लागते.

रिव्हेट पुन्हा घट्ट करण्याची कृती तर आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. हे काम एकट्याने नीट होत नाही. एकाने बाहेरच्या बाजूने रिव्हेटाच्या डोक्याशी लोखंडाचा जड ठोकळा गच्च धरायचा. दुसऱ्याने आतून त्याच्या शेपटावर हातोडीने ठोकायचे. ठोकळा धरणाऱ्याला ठोकणारा दिसत नाही. मध्ये पत्रा असतो. ठोकळा जरा हलला तर पत्रा चेपतो आणि होती त्याहून मोठी फट होते. आतल्याने बळ लावायचे आणि बाहेरच्याने ते सोसून स्थिर राहायचे, अशी ही जोडी. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे कितीतरी घरे आली. पती व पत्नी, सासू व सून, वाटणीवरून न्यायालयात गेलेले सख्खे भाऊ. त्यांच्यात समेट घडवताना कोणीतरी आत व कोणीतरी बाहेर लागतो हे प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक आहे. पण या अनुभवाला आपल्या साहित्यात प्रतिमा मिळालेली नाही.

जिथे रिव्हेट पार झिजले असेल तिथे ते काढून नवे घालतात. एका बाजूनेच बसवता येणारी पोकळ रिव्हेटे सोयीची असतात. पण त्यांचे तोंड उघडे असेल तर त्या पोकळीतूनच पाणी येते, म्हणून बंद तोंडाचीच घ्यावी लागतात. पत्र्याला चीर गेली असेल तर ती बुजवण्याआधी तिच्या टोकाला एक बारीक भोक पाडतात. वाचताना हे उलटे वाटते, चीर थांबवण्यासाठी आणखी भोक! पण त्या गोल भोकाशी ताण विखुरतो आणि चीर पुढे सरकत नाही. ते न करता वर नुसते ठिगळ मारले तर चीर ठिगळाखालून वाढत राहते. आणि ठिगळ तरी कोठून मारावे? आतून चिकटवले तर पाणी त्याला बाहेरून सतत ढकलत असते. बाहेरून लावले तर तेच पाणी त्याला दाबून धरते. घाईघाईने फासलेल्या डांबराविषयी व सिलिकॉनविषयी हे लेखन विशेष कडवट आहे. एका मोसमापुरती गळती थांबते खरी. पण त्या चिकट्यावर पुढे ना दुसरा लेप धरतो, ना तेथे वेल्डिंग नीट होते. पुढच्या कारागिराचा अर्धा दिवस आधीच्याचा उपाय खरवडण्यात जातो.

सर्वांत भेदक भाग तांब्याविषयीचा आहे. ॲल्युमिनियमला तांब्याचा सहवास सोसत नाही. तळाच्या पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, तांब्याचे एखादे नाणे पडून राहिले तर दोन धातूंत सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. नाणे तसेच राहते. त्याखालचा पत्रा खाल्ला जातो आणि एके दिवशी आरपार भोक पडते. कोणी मुद्दाम केलेले नसते. खिशातून पडले, कोणी उचलले नाही, एवढेच. धर्मग्रामाच्या, संस्थांच्या, पतपेढ्यांच्या, घराच्याही कारभारात तळाशी पडून राहिलेल्या नाण्याने काय होते, हे आम्ही वाचकांस समजावून सांगावे असे नाही. मात्र आमच्या कवींपैकी कोणाला ही प्रतिमा सुचली असती तर ती कविता छापताना संपादकांचा हात थोडा थबकला असता. चांगल्या प्रतिमेची ती एक खूण आहे.

कोणी म्हणेल, हे परदेशी पत्र्याचे पुराण आपल्याला कशाला? आपल्या पाचूबंदरापासून उत्तनपर्यंतच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नौका आहेत. अलीकडे फायबरच्या आल्या. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर लाकूड व धातू यांच्या स्वभावातच आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेली लाकडी नाव सुकते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. त्यांत सूत ठासून वर राळ चढवतात, आणि नाव पाण्यात लोटली की उरल्यासुरल्या बारीक फटी फळ्या फुगून आपोआप मिटतात. लाकूड थोडेसे स्वतःला सावरते. आपल्या पूर्वजांची नौका-प्रतिमा या लाकडावर उभी आहे, म्हणूनच तिच्यात एक भरवसा आहे: पाण्यात राहा, सारे जुळून येईल. एकत्र कुटुंब, एकच गाव, एकच बोली, रविवारी सर्वांची एकच मिस्सा, अशा समाजात हा भरवसा खोटा नव्हता. माणसे एकमेकांच्या सहवासानेच फुगून फट भरून काढत. आजचे आपले कुटुंब फ्लॅटमध्ये राहते, मुले पुण्यात व टोरांटोत आहेत, नातवंडांना आजीची बोली येत नाही. ही बांधणी लाकडाची राहिलेली नाही. धातू कितीही वेळ पाण्यात ठेवला तरी फुगत नाही. त्याची फट कोणीतरी शोधल्याशिवाय मिटत नाही.

जुन्या लेखनात गळतीची जाण अगदीच नव्हती असे मात्र नाही. संत ग्रेगरी महान इ. स. ५९० मध्ये पोपपदावर आले. पहिल्याच वर्षात कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क जॉन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या हाती आलेल्या ख्रिस्तसभेला जुनी, खिळखिळी झालेली नौका म्हटले आहे. पाणी सर्व बाजूंनी आत येते आहे आणि कुजलेल्या फळ्यांचा आवाज बुडण्याची सूचना देतो आहे, असा त्या मजकुराचा आशय आहे. वादळ त्यांच्याही पत्रात आहे. परंतु फळ्या कुजक्या आहेत हे त्यांनी वादळाच्या नावावर घातलेले नाही. ज्याच्याकडे नुकतेच सुकाणू आले आहे त्याने दुसऱ्या धर्मपीठाच्या प्रमुखाला हे लिहावे, यातला मोकळेपणा आपल्या स्मरणिकांतल्या ‘मनोगत’ या सदराला लाभला तर किती बरे होईल!

याहून मागे गेलो तर उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाला तारू बांधण्याची जी सूचना मिळते तिच्यात लेपाचा उल्लेख आहे, आणि तो आतून व बाहेरून असा दुहेरी आहे. हिब्रू भाषेत त्या लेपाला ‘कोफेर’ म्हणतात. जे झाकते, लिंपते ते. त्याच धातूपासून प्रायश्चित्ताचा ‘किप्पूर’ हा शब्द आला, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे बायबलच्या शब्दसृष्टीत पापक्षमा आणि होडीचे सांधे लिंपणे हे शेजारी आहेत. आमच्या मते येथे आपल्या धर्मशिक्षणाच्या हातून एक मोठे धन निसटले आहे. पापनिवेदनाला जाणाऱ्या मुलाला आपण डाग धुण्याची प्रतिमा देतो. डाग हा ज्याचा त्याचा असतो. गळती मात्र होडीतल्या सर्वांची असते. कोणाच्या जागेखाली फट आहे हा प्रश्न तेव्हा दुय्यम ठरतो.

चित्रकलेत या प्रतिमेचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे जोत्तोची ‘नाव्हिचेल्ला’. रोममधल्या संत पेत्राच्या जुन्या महामंदिराच्या प्रांगणात चौदाव्या शतकाच्या आरंभकाळात कार्डिनल स्तेफानेस्कींच्या आश्रयाने हे प्रचंड मोझेक झाले. जुन्या प्रतिकृतींवरून त्याची रचना कळते: मधोमध शिष्यांची नौका, वर आकाशातून फुंकर घालणारे वाऱ्यांचे दैत्य, उजवीकडे पाण्यावर प्रभू व बुडणारा पेत्र. डाव्या कोपऱ्यात खडकावर एक माणूस गळ टाकून निवांत मासे धरतो आहे. त्याला या सर्व प्रकाराचा पत्ताच नाही. आम्हांस तो माणूस त्या चित्रातला सर्वांत खरा वाटतो. बाकी जोत्तोनेही धोका बाहेरच, आकाशातच काढला. पुढे या चित्राचे काय झाले पाहा. नवे महामंदिर उभे राहताना मोझेक या भिंतीवरून त्या भिंतीवर हलविले गेले, त्यात ते मोडत गेले, दुरुस्त होत गेले, आणि आज प्रवेशद्वाराच्या ओवरीत आपण जे पाहतो ते जवळजवळ सगळेच सतराव्या शतकातले, १६७५ साली पुरे झालेले, पुनर्निर्माण आहे. जोत्तोच्या हातच्या कामाचे म्हणून देवदूतांचे दोन तुकडे तेवढे उरले आहेत.

याच मोझेकापुढे प्रार्थना करताना १३८० साली सिएनाच्या संत कॅथरीनला ती नौका आपल्या खांद्यांवर ठेवली गेल्याचा अनुभव आला, आणि तिच्या भाराने ती कोसळली, अशी परंपरा आहे. वादळ-कवितांतला भक्त नौकेत बसलेला असतो. येथे नौका भक्ताच्या खांद्यावर आहे. ज्याला होडीचा तळ पाहायचा आहे त्याला आधी ती पाण्याबाहेर उचलावी लागते. कॅथरीनने पोप व कार्डिनल यांना पाठविलेली खरमरीत पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे दृश्य निव्वळ भावुक वाटणार नाही.

आमच्या हयातीत या प्रतिमेचा सर्वांत धाडसी वापर झाला तो २५ मार्च २००५च्या शुभशुक्रवारी, कोलोसियममधल्या क्रूसाच्या वाटेत. त्या वर्षीची चिंतने कार्डिनल राट्झिंगर यांनी लिहिली होती. पोप जॉन पॉल दुसरे त्या वेळी अखेरच्या आजारात होते आणि आपल्या खासगी प्रार्थनालयातून ती भक्ती पाहत होते. नवव्या स्थानाच्या चिंतनात राट्झिंगर यांनी ख्रिस्तसभेतल्या, अगदी धर्मगुरूंमधल्याही, घाणीचा उघड उच्चार केला, आणि त्यापुढच्या प्रार्थनेत ख्रिस्तसभेला सर्व बाजूंनी पाणी शिरत असलेल्या, बुडू पाहणाऱ्या नौकेची उपमा दिली. प्राचीन धर्माचार्यांचा एवढा व्यासंगी लेखक हे लिहिताना ग्रेगरींचे पत्र मनात ठेवून होता असे आम्हांस वाटते. पुढच्या महिन्यात तेच पोप झाले. ज्या बालकांवर धर्मगुरूंनी अत्याचार केले त्यांच्या वेदना जगभर उघड होत असताना, पाणी आतून येते आहे हे वाक्य त्या रात्री म्हटले गेले, ही साधी गोष्ट नव्हती.

आणि तरीही २७ फेब्रुवारी २०१३ रोजी निरोपाच्या जाहीर भेटीत ते पुन्हा वादळाच्या प्रतिमेकडे वळले. खवळलेले पाणी, उलटा वारा, झोपल्यासारखा वाटणारा प्रभू. नौका आपली नसून त्याची आहे, ही त्यांची श्रद्धा त्या भाषणात हृद्य रीतीने व्यक्त झाली. श्रद्धा म्हणून आम्हांस ती शिरोधार्य आहे. प्रतिमा म्हणून मात्र २००५ची नौका २०१३च्या नौकेपेक्षा अधिक खरी होती. पोप फ्रान्सिस यांनी २७ मार्च २०२० रोजी, महासाथीच्या दिवसांत, पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात मार्कचा हाच प्रसंग घेतला. पण वादळाने आपला कमकुवतपणा आणि आपल्या खोट्या खात्री उघड्या पाडल्या, असे सांगून त्यांनी निदान नजर होडीच्या आत वळवली.

प्रभूच्या काळातली खरी होडी कशी होती हे आज आपल्याला ठाऊक आहे. १९८६च्या आरंभी, अवर्षणामुळे गालील सरोवराचे पाणी ओसरले असता, गिनोसार वसाहतीतल्या मोशे व युव्हाल लुफान या दोन मच्छीमार भावांना चिखलात एका होडीची कड दिसली. सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब, सव्वादोन मीटर रुंद. काळ ढोबळमानाने पहिल्या शतकाचा. ती प्रभूची वा पेत्राची होती असे म्हणायला काहीही आधार नाही, आणि पर्यटकांच्या सोयीसाठी तसे सूचित करणे आम्हांस आवडत नाही. परंतु तिच्या लाकडांची तपासणी झाली तेव्हा दहा-बारा जातींची लाकडे निघाली. देवदार व ओक मुख्य. बाकी जिथे जे मिळाले ते. जुन्या होड्यांच्या फळ्या काढून हिच्यात बसविलेल्या, ठिगळावर ठिगळ. शेवटी उपयोगी भाग दुसऱ्या होड्यांसाठी काढून घेऊन सांगाडा पाण्यात ढकललेला. गरीब मच्छीमारांची होडी अशीच असणार. जब्दीच्या मुलांना प्रभूने हाक मारली तेव्हा ते होडीत बसून जाळी नीट करत होते, असे मार्क सांगतो. त्यासाठी त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद संत पौल गलतीकरांस लिहिताना, चुकलेल्या बंधूला सौम्यपणे सावरण्यासाठी वापरतो. मराठीत हे नाते एकाच शब्दात धरून ठेवणे भाषांतरकारांना अवघड आहे. आपल्या कवींना ते अशक्य नसावे.

राहता राहिला एक आक्षेप, जो आम्हांस एका जाणत्या वाचकाने बोलून दाखविला. रिव्हेट, ठोकळा, सिलिकॉन हे शब्द काव्यात बसतील काय? त्यांना आम्ही एवढेच विचारले की खमीर, दिवठणी, जाळे, शेणखत या शब्दांनी शुभवर्तमानाचे काय बिघडले? उंबरठ्याबाहेरचा शब्द आत घेताना तो नीट वापरावा लागतो, आणि त्यासाठी ती वस्तू हातात धरलेली असावी लागते. आपल्या धर्मग्रामांत वेल्डिंग करणारे, गॅरेज चालविणारे, नौकांची इंजिने दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी या त्रैमासिकासाठी आजवर लिहिले आहे. पुढच्या अंकासाठी येणाऱ्या कवितांत नौका असेल यात आम्हांस शंका नाही. संपादकांना आमची विनंती आहे की त्यांनी एखाद्या गॅरेजवाल्यालाही पत्र टाकावे.